चौदा मुलांची शाळा कशाला हवी?

लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही मी झेडपीच्या शाळेत शिकवते असं कळलं की पुढचा प्रश्न पटाचा असतो. "मुलं किती?" मी सांगते, चौदा. मग समोरचा थोडा थांबतो आणि म्हणतो, "अहो बाई, चौदा मुलांसाठी दोन शिक्षक, दोन पगार? त्यापेक्षा शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत का नाही घालत?" विचारणारी माणसं भली असतात. बरीचशी स्वतः अशाच शाळेत शिकलेली असतात. मी दरवेळी घाईत काहीतरी अर्धवट बोलून विषय संपवते. तुम्हीही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आमची वाडी सह्याद्रीच्या उतारावर आहे. चाळीसेक घरं, त्यातल्या निम्म्यांना वर्षभर कुलूप. गणपतीत आणि शिमग्याला ती उघडतात, चार दिवस पोरांचा गलका होतो, मग पुन्हा मुंबईच्या गाड्या भरतात. शाळा पहिली ते पाचवी, खोल्या दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, पुढचे तीन वर्ग सरांकडे. सर प्रशिक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला गेले की पाचही वर्ग एकाच खोलीत माझ्यापुढे बसतात. 'दोन पगार' म्हणताना हे डोळ्यांपुढे ठेवा. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक हवेत, हे शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेलं आहे.

आमच्यासारख्या शाळा काही थोड्या नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी छोट्या शाळांचे मिळून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. त्या वेळी वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची संख्या दिली होती १४,७८३. त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुलं. शाळा बंद करण्याचा हेतू नाही, असं नंतर सरकारकडून सांगण्यात आलं. पण त्याआधी २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांचं जवळच्या शाळांत समायोजन करायचा निर्णय झाला होता. वाडीतल्या माणसांच्या ते लक्षात आहे. म्हणून आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांची मोटरसायकल वर येताना दिसली तरी कुणीतरी विचारतं, "शाळा मोजायला आलेत का?"

आता वाडीतली माणसं काय म्हणतात ते सांगते, कारण हा प्रश्न त्यांना कुणी विचारतच नाही. सगळे एका सुरात बोलत नाहीत, हे आधी सांगायला हवं.

चौथीतल्या एका मुलाचा बाप मला सरळ म्हणाला, "बाई, माझा पोरगा वर्गात एकटा. पळायची शर्यत लावायची तर कुणासंगं? नंबर पहिलाच येतोय त्याचा, आन् शेवटचाबी तोच." माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. त्याचं म्हणणं खरं आहे. आमच्याकडे कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. गटात बोलून शिकायचा पाठ असला की गट कुठून आणायचा? लहान शाळा म्हणजे प्रत्येक मुलाकडे लक्ष, असं आम्ही शिक्षक म्हणतो आणि ते खरंही आहे. पण मुलाला बरोबरीची मुलंही लागतात. हे न मानता छोट्या शाळेची बाजू मांडणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

मेंढरं राखणारे एक आजोबा आहेत, त्यांची नात माझ्याकडे दुसरीत आहे. ते म्हणाले, "खालची शाळा तीन किलोमीटर हाय म्हणता, पर मधला वढा पावसात कुणी वलांडायचा?" कागदावर अंतर किलोमीटरमध्ये असतं, त्यात ओढा दिसत नाही. आपल्या राज्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी असं आहे. सहा वर्षांचं मूल जुलैच्या पावसात दप्तर घेऊन किती चालू शकतं, याचा विचार त्या एक किलोमीटरमध्ये आहे.

आणि एक आई. तिचा मुलगा पिवळ्या व्हॅनमधून खालच्या गावातल्या इंग्रजी शाळेत जातो, मुलगी आमच्याकडे येते. व्हॅनचे पैसे एकाचेच परवडतात. आमच्या चौदांत नऊ मुली आहेत. पट का घसरला याचं निम्मं उत्तर त्या व्हॅनमध्ये बसलेलं आहे आणि उरलेलं मुंबईला गेलंय. शाळा बंद झाली तर व्हॅनमधल्या मुलाचं काही बिघडत नाही. थांबेल ती मुलगी.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका वाडीची शाळा काही वर्षांपूर्वी खालच्या शाळेत मिळवली. सात मुलं होती. गाडी लावली होती, जून ते दिवाळी ती नियमित आली. मग गाडीवाल्याचं बिल थकलं आणि ती बंद झाली. कुणाचे आईबाप मोटरसायकलनं सोडू लागले, एकाला मामाकडे ठेवलं. तिसरी-चौथीतल्या दोघी बहिणी घरी राहिल्या. त्यांची नावं हजेरीपटावर होती, त्या गुरांमागे होत्या. त्यांतली मोठी मला पुढे बाजारात भेटली. "बाई, आता वाचायला अडखळते," म्हणाली. हे ती एवढ्या हळू बोलली की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. ते वाक्य मला अजून सोडत नाही.

म्हणजे मी समूहशाळेच्या विरुद्ध आहे का? नाही. पानशेतला आजूबाजूच्या छोट्या शाळांतली मुलं बसनं एका मोठ्या शाळेत आणली आहेत. तिथे मुलांना सोबती मिळतात, वर्गाला शिक्षक मिळतो. आमच्या त्या एकट्या चौथीवाल्याला तसं मिळालं तर मला आनंदच होईल. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. आधी गाडी सुरू करा. ती एक अख्खा पावसाळा रोज वेळेवर आली, बिल वेळेवर निघालं, पोरी सोबतीनं सुखरूप परतल्या, तर आमच्या शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयाच ठराव करून देतील. कुलूप आधी आणि गाडी नंतर, हे चालणार नाही.

खर्चाचंही बोलते, कारण प्रश्नाचा रोख तिकडेच असतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात हाच हिशेब मांडला होता: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली होती. आमच्या वाडीतला माणूसही काडेपेटीपासून खतापर्यंत सगळ्यावर कर भरतो. त्याच्या वाट्याला सरकार म्हणून जे येतं, त्यात रोज सकाळी न चुकता उघडणारी गोष्ट शाळा हीच आहे. लसीकरण तिथेच होतं, मतदान तिथेच, पुरात दोन रात्री चार कुटुंबं झोपली तीही तिथेच.

परवा अंगणवाडीतल्या एका पोरीची आई आली होती. जूनमध्ये पहिलीला तिची एकटीची भर पडेल. बाहेर चप्पल काढून ती उंबऱ्यातच उभी राहिली. "नाव घालते, पर बाई, पुढच्या साली शाळा ऱ्हाईल ना?" मी तिला आत बोलावून बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "जन्मदाखला आणि आधार कार्ड घेऊन या उद्या."