विरजण लागायला आठ आठवडे

आठवी ब. विज्ञानाच्या बाईंनी वाटीभर दही आणायला सांगितलं आणि आईनं डबा भरून दिलं. शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असे. साहेब तपासणीला आले की तेवढा बाहेर निघायचा. त्या दिवशी बाईंनी किल्ली कशी मिळवली कोण जाणे. दह्याचं पाणी काचपट्टीवर पसरलं, स्पिरिटच्या दिव्यावरून फिरवलं, वर मिथिलीन ब्लू टाकून धुतलं. रांगेत माझा नंबर ४१वा. आत बारीक निळ्या काड्या!

"बाई, हे जिवंत आहेत?"

"होते. तुला दिसावेत म्हणून भाजले."

आज क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत मी काड्याच शोधते, फक्त या लाल असतात आणि भोवतीचं सगळं निळं. थुंकीच्या एका स्लाइडवर १०० फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा गोल भाग म्हणजे एक फील्ड) पाहिल्याखेरीज 'निगेटिव्ह' लिहायचं नाही. मान धरते.

खरी गंमत कल्चरची, म्हणजे नमुन्यातले जंतू नळीत वाढवून पाहण्याची. या जंतूचं विरजण अंड्यात लागतं. लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यम, म्हणजे या जंतूचं खाणं, करण्यासाठी नोकरीच्या सुरुवातीला मी ढिगानं अंडी फोडली. आमच्या घरात अंडं येत नसे, म्हणून आईला "माध्यम तयार करते" एवढंच सांगायची. मॅलॅकाइट ग्रीन हा हिरवा रंग घालून तिरप्या नळ्यांत ते घट्ट करायचं, वर नमुना लावायचा आणि थांबायचं. आतड्यातला ई. कोलाय चांगलं खाणं मिळालं तर २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला २० तासांच्या आसपास लागतात. ८ आठवडे झाल्याशिवाय 'वाढ नाही' म्हणता येत नाही. २४ मार्च १८८२ला बर्लिनमध्ये हा जंतू जगापुढे मांडणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या नळ्यांतही दुसऱ्या आठवड्यापर्यंत काही दिसत नसे. दुसरा कोणी असता तर नळ्या धुवून मोकळा झाला असता.

आता यंत्र दोन तासांत सांगतं: जंतू आहे का, आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देईल का. साध्या क्षयाचा उपचार मात्र बहुतेकांना सहा महिनेच. माणसं तिथंच फसतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरतं आणि गोळ्या फडताळात जातात. सुस्त पडलेले जंतू मरायला वेळ घेतात, हे बरं वाटणाऱ्या माणसाला कसं पटावं?

आमच्या गल्लीतल्या एका काकांचा नमुना वर्षभरानं दुसऱ्यांदा माझ्या टेबलावर आला. गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरून त्यांनी त्या सोडल्या होत्या. तो रिफॅम्पिसिनचा रंग, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर रंगांत हात बुडवणारी मी त्यांच्या शेजारी राहत होते. मीही नाही.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेत नवे सूक्ष्मदर्शक आलेत असं ऐकते. किल्ली कोणाकडे असते?