पहिला कोण, ते राहू दे

दुपारची जेवणं आटोपली, भांडी घासून ओट्यावर पालथी पडली की ती वाचता येतात. आपल्याकडच्या भांड्यांना मजकूर असतो. पातेल्याच्या पोटावर ‘सौ.’, मग नाव, त्याखाली ‘वास्तुशांतीप्रीत्यर्थ’ आणि तारीख. तांब्या-पितळेच्या काळात ही अक्षरं छिन्नीनं ठोकून घालत, त्यामुळे ती टिंबाटिंबांची आणि खडबडीत. स्टील आलं तशी दुकानात विजेवर घुर्र करणारी टोकदार सुई आली. दुकानदार विचारतो, ‘‘नाव घालायचंय का?’’ आपण चिठ्ठीवर लिहून देतो. घाईत ‘प्रि’ ऱ्हस्व लिहिली गेली असेल, तर ती भांडं मोडीत जाईपर्यंत ऱ्हस्वच.

गंमत अशी की भांड्याला एवढं ओरबाडूनही तिथं गंज चढत नाही. साध्या लोखंडी तव्यावर असं नाव कोरून ठेवा, दोन दिवसांत अक्षरं तांबडी होतील. स्टीलमध्ये क्रोमियम असतं. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो, आणि ओरखडा काढला तरी हवेतला प्राणवायू मिळताच तो पुन्हा भरून येतो. हे ज्याच्या नावावर सांगितलं जातं तो हॅरी ब्रिअर्ली, इंग्लंडातल्या शेफिल्डचा. त्याला भांडी करायची नव्हतीच. बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात म्हणून चिवट पोलाद हवं होतं. १३ ऑगस्ट १९१३ ला त्यानं जो रस ओतला त्यात क्रोमियम १२.८ टक्के आणि कार्बन ०.२४ टक्के होतं. सूक्ष्मदर्शकाखाली धातूचे कण बघायचे तर आधी आम्लानं पृष्ठभाग थोडा खाववून घ्यावा लागतो. हा तुकडा खाववेना. व्हिनेगर नाही, लिंबाचा रस नाही, कशालाच दाद देईना. शेफिल्ड म्हणजे सुऱ्या-काट्यांचं गाव, तेव्हा पुढचं सुचायला वेळ लागला नाही. सुऱ्या मात्र आधी बिघडल्याच. नेहमीच्या पोलादाच्या अंदाजानं तापवून पाणी दिलं की या पोलादाला धार धरेना, कारण त्याला बरीच जास्त आच लागते, आणि ती आच कारागिरांच्या डोळ्यांत बसलेली नव्हती. ‘न कापणाऱ्या सुऱ्या शोधून काढणारा’ अशी ब्रिअर्लीची टवाळी झाली ती त्यामुळे.

इथं स्वयंपाकघरापुरतं एक सांगून ठेवायला हरकत नाही. लोणचं स्टीलच्या डब्यात मुरवू नये. तो पापुद्रा आंबटाला पुरून उरतो, मिठाला नाही. मिठातलं क्लोराइड त्याला जागोजाग भोक पाडतं, आणि मग तळाशी टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडतात जे कितीही घासले तरी जात नाहीत. चिनी मातीची बरणी यासाठीच होती, हौसेसाठी नव्हे. दुसरं, दुकानात लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे उंची माल’ असं दाखवतात त्यावर फार भुलू नये. अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेलचं स्टील चिकटत नाही हे खरं. पण निकेल वाचवून मँगॅनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चिकटत नाही. उलट चांगल्या डब्याचा दाबून वळवलेला काठ थोडासा चिकटतो. आणि ब्रिअर्लीचं ते मूळचं पोलाद तर चांगलंच चिकटणारं. आपलं पातेलं त्याच्या घराण्यातलं नाहीच मुळी. क्रोमियमबरोबर निकेल घालायची वाट जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात निघाली, १९१२ साली. मग पहिला कोण? शेफिल्डवाले एक सांगतात, जर्मन दुसरं, आणि अमेरिकेतही एक दावेदार आहे.

वर्तमानपत्रातल्या दिनविशेषाच्या चौकटीत ‘पहिला’ हा शब्द दिसला की माझं डोकं जरा उठतंच. १९१३ घ्या. ३ मे, गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’, पहिला भारतीय चित्रपट. लगेच कुणी तरी बाही सरसावतं. त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ लागला होता, त्याचं काय? दुसरा म्हणतो, ते तर नाटकाचंच चित्रण, कॅमेरावाला इंग्रज, आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवलेली. तिसरा म्हणतो, धुलाई कुठं केली त्यावर बाळ कुणाचं हे ठरतं का? हा वाद चहाबरोबर बरा लागतो. पण त्यात जे बघायचं ते राहून जातं. फाळक्यांच्या फिल्मला भोकं नव्हती, हे किती जणांना ठाऊक असतं?

त्या काळी कच्ची फिल्म बिनभोकाची विकत मिळे. भोकं आपली आपण पाडून घ्यायची. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं, फुटात सोळा चित्रं. म्हणजे एका काठाला फुटामागे चौसष्ट आणि दोन्ही मिळून एकशे अठ्ठावीस. ‘हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे तीन हजार सातशे फूट. गुणाकार केला तर चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे भोकं होतात, तीही पडद्यावर जेवढं आलं तेवढ्याचीच. पडद्यावर चालते ती प्रत, तिला वेगळी भोकं. वाया गेलेल्या फिल्मची आणखी निराळी. हे काम दादरच्या घरात, अंधाऱ्या खोलीत, रात्री सरस्वतीबाई फाळके करत. यंत्र होतं, पण हातानं चालवायचं. दिवसा त्याच बाई चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत, आणि मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. चित्रपटाच्या पैशांसाठी दागिने तर आधीच गेलेले.

भोकं चुकली तर काय होतं? दोन भोकांमधलं अंतर केसभर जरी इकडेतिकडे झालं तरी यंत्राचे दात फिल्मला नेमके धरत नाहीत. पडद्यावर राजा सिंहासनावर बसल्या बसल्या थरथरतो. अंतर फारच चुकलं तर दात भोकाची कड फाडतात आणि फिल्म अडकते. ही फिल्म नायट्रोसेल्युलोजची, दिव्यासमोर अडकून राहिली तर भडकणारी. शिवाय धुऊन वाळवली की ती किंचित आक्रसते. निगेटिव्ह आक्रसलेली आणि प्रतीसाठीची फिल्म कोरी करकरीत, म्हणजे छापताना दोघींचं जुळवून घेणं हा आणखी एक घोर. धुलाईत मुंबईची हवा नडते. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. पाणी कोमट झालं की तो मऊ पडतो, सुरकुततो, कडेनं सुटायला लागतो. म्हणून रात्रीचा गारवा बघायचा, नाही तर बर्फ आणायचा.

कॅमेऱ्याचंही तेच. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा दांडा फिरवून चाले. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्याला आठ चित्रं, म्हणजे सेकंदाला सोळा. त्र्यंबक तेलंगांनी हात जरा सावकाश चालवला की पडद्यावर माणसं तुरुतुरु धावणार, घाईनं चालवला की पाण्यात चालल्यासारखी जड होणार. एक, दोन, एक, दोन, असं मनात म्हणत राहायचं, समोर राज्य जात असलं तरी. इतकी कसरत घरादारानं मिळून केली आणि आपण भांडतो ते आधी लागला कोणता यावर.

तारामतीचं काम करायला बाई मिळेना. तमासगिरिणींनीसुद्धा नाही म्हटलं. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातला अण्णा साळुंके हा मुलगा सापडला, दहा रुपये पगारावरचा. फाळक्यांनी त्याला पंधरा देऊ केले. मिशी काढायला पुरुषनट कुरकुरत होते, कारण बाप गेल्यावाचून मिशीला वस्तरा लावायचा नाही. आणि त्याच वर्षी ५ जुलैला बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. एकीकडे पंचविशीतले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्वच, ज्यांचं पातळ नेसणं बघून घरच्या बायका नेसण शिकत. दुसरीकडे अण्णा साळुंके, ज्याच्या दंडावरून पोऱ्या लपत नाही. तरी पुढं कुणाचं माध्यम जिंकलं ते आपण बघतोच आहोत. माझं मत विचाराल तर १९१३ च्या प्रेक्षकानं गंधर्वांचंच तिकीट काढलं असेल, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. मुक्या तारामतीत नवल होतं, पण गाणं नव्हतं.

बाकी वर्ष फार गजबजलेलं. जानेवारीत मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या, वर्षाला वीस पौंड पगाराच्या एका कारकुनानं केंब्रिजच्या हार्डी या गणितज्ञांना पत्र टाकलं. रामानुजन त्यांचं नाव. नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेत गांधी तीन पौंडांच्या डोईपट्टीविरुद्ध २,०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुलं घेऊन ट्रान्सवालच्या हद्दीकडे चालत निघाले. ही पट्टी उठवू, असा शब्द आदल्याच साली तिथं गेलेल्या गोखल्यांना मिळाला होता, तो पाळला गेला नाही. मोर्च्यातल्या माणसाला दिवसाचा शिधा दीड पौंड पाव आणि एक औंस साखर. हा हिशेब गांधींनी लिहून ठेवलाय म्हणून बरं. मोर्चे आपण पुष्कळ वाचतो, त्यात जेवायला काय होतं ते क्वचित कळतं.

आणि वर्ष संपता संपता, २१ डिसेंबरच्या रविवारी, न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या पत्रात आर्थर विनचं शब्दकोडं छापून आलं. चौकोनी नव्हे, पत्त्यातल्या चौकटसारखं, मध्ये रिकामं. आपल्या रविवारच्या पुरवणीतलं कोडं त्याचंच नातवंड, पण रचायला कितीतरी अवघड. इंग्रजीत एका घरात एक अक्षर, दुसऱ्या शब्दाशी सहज जुळणारं. मराठीत घरात काना-मात्रेसकट सगळा ऐवज. उभ्या शब्दातला ‘की’ आडव्यातही दीर्घच लागतो. जोडाक्षर असलं तर त्याला सोयरीक सापडणं मुश्कील. म्हणून रचणारा दोन-तीन अक्षरी शब्दांवर गुजराण करतो, आणि ‘पाणी’ म्हणून ‘तोय’, ‘सूर्य’ म्हणून ‘मिहिर’ असले शब्द, जे पुरवणीबाहेर कुणाच्या तोंडी नसतात, दर आठवड्याला हजेरी लावून जातात. फारच अडलं तर ‘कि’ आणि ‘की’ एकाच घरात कोंबतो. आपणही पेन्सिलीनं मुकाट भरतो. कुणी तक्रार करत नाही.

त्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एक बावीस वर्षांचा मराठी विद्यार्थी होता. फेब्रुवारीत वडील गेले, जुलैत तो कोलंबिया विद्यापीठात पोचला. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. बदल्यात करार करून दिलेला, की शिक्षण झालं की दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. तिकडे एका टेबलावर बसून जेवताना कुणी जात विचारत नव्हतं. दिनविशेषात हे ‘उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस प्रयाण’ एवढ्या ओळीत उरकतं. करार पाळायला भीमराव आंबेडकर १९१७ साली बडोद्याला गेले, तेव्हा हिंदू हॉटेलात उतरायला जागा मिळणार नाही म्हणून पारशी म्हणून नाव लिहून पारशी धर्मशाळेच्या माडीवर राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघाले असताना दहा-बारा पारशी माणसं काठ्या घेऊन जिन्यात आली आणि जागा सोडायला सांगितलं. मित्रांकडे विचारून पाहिलं, कुणाकडेच सोय होईना. संध्याकाळपर्यंत ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले.