दीड मिनिटाची नाकाबंदी

आज दिवसभर पोलिसांवरच्या विश्वासाची चर्चा ऐकली. सगळी गाडी कॅमेरे आणि गस्तीवरच अडली. थांबवल्यावर पोलीस बोलतो कसा, हे राहूनच गेलं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २००९-१० साली दारू तपासणीच्या ६० नाकाबंद्यांवर प्रयोग झाला. ३० नेहमीसारख्या: फुंका आणि निघा. उरलेल्या ३० ठिकाणी पोलिसांच्या हाती मुद्द्यांचं कार्ड. 'गाड्या सरसकट थांबवतोय, तुमच्यावर संशय नाही' हे आधी सांगायचं. तपासणी कशासाठी, ते सांगायचं. परिसरातल्या गुन्ह्यांबद्दल मत विचारायचं, मग आभार. एवढ्याला साधारण दीड मिनिट. टपालाने परत आलेल्या प्रश्नावल्यांत या चालकांचं पोलिसांबद्दलचं मत अधिक चांगलं निघालं.

स्कॉटलंडमध्ये २०१३-१४ च्या हिवाळ्यात याच धर्तीवर प्रयोग केला, तर विश्वास आणि समाधान उलट घटलं! तिथल्या पोलीस दलांचं नुकतंच एकत्रीकरण झालं होतं. हे कशासाठी करायचं, ते रस्त्यावरच्या पोलिसांपर्यंत नीट पोचलंच नव्हतं. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. ज्याचं म्हणणं वरिष्ठ ऐकत नाहीत, तो चालकाचं मनापासून कसं ऐकणार? कार्ड छापण्याआधी ठाण्यातल्या रजा, बदल्या, ड्युटीवाटप यांतला न्याय बघायला हवा.