झारीतले शुक्राचार्य सापडले (पण झारीत नव्हते)

मंडळी, लाओशींसाठी घेतलेल्या चहाच्या किटलीची धार अडवणारा चोर अखेर सापडला. ज्याच्यावर तीन आठवडे संशय घेतला तो मात्र निर्दोष निघाला.

उजळणी करत नाही. एवढंच आठवा, की ही यिशिंगची मातीची किटली आमच्या इथल्या, म्हणजे चीनमधल्या हांगझौच्या, शेजारच्या लाओशींना (म्हणजे गुरुजींना) द्यायची आहे. मूळचे छाओझौचे, निवृत्त शिक्षक. दिवसातून तीनदा फंगह्वांग दानत्सोंग (त्यांच्या गावाकडचा सुवासिक ऊलोंग चहा), आणि माणसं कितीही जमोत, पेले तीनच. म्हणून ११० मिलीची, लाल मातीची, शुइफिंग घाटाची किटली हे ठरलेलं होतं. जांभळ्या मातीची, शिप्याओ घाटाची मागेच बाद झाली. ती जांभळी झिनी माती वास पिते. मुरलेल्या पुअर चहाला ते चालतं, पण दानत्सोंगचं सगळं वैभव वासातच असतं.

यिशिंगमधल्या डिंगशूच्या दुकानात ही झुनी, म्हणजे लाल मातीची किटली, बघितली तेव्हा मी विरघळलोच. तोटीचं टोक, तोंडाची कड आणि कानाचा माथा एका रेषेत. झाकण फिरवलं तर खुट्ट नाही. झाकणावरच्या भोकावर बोट ठेवलं की धार कापल्यासारखी बंद. पूर्ण किटली नऊ सेकंदांत रिकामी. झुनी वाळताना आणि भाजताना भयंकर आकसते, त्यामुळे असं झाकण बसवणं म्हणजे खायचं काम नाही. पैसे मोजले.

घरी आणली, सात ग्रॅम पत्ती भरली, ओतायला घेतली, तर तेवीस सेकंद! तेही गुडगुड करत, ठेचकाळत. दानत्सोंगचा पहिला घाणा पाण्यात काही सेकंदच ठेवायचा असतो. लाओशी तिन्ही पेल्यांवरून किटली गोल फिरवत ओततात, त्याला ते ‘ग्वान गोंगची नगरफेरी’ म्हणतात. शेवटचे थेंब तिघांत सारखे वाटायचे, ती ‘हान शिनची सैन्याची मोजणी’ (दोघेही जुने चिनी सेनापती). माझ्या ग्वान गोंगाचा घोडा दर चौकात अडत होता. पहिल्या पेल्यात कोमट पाणी, तिसऱ्यात काढा.

साहजिकच संशय तोटीवर. आत जाळी नाही, एकच भोक, आणि दानत्सोंगची पत्ती लांब, पिळदार. एखादं पान आडवं बसलं की झालेच झारीतले शुक्राचार्य. वामनाने दर्भ खुपसला तशी मी बांबूची काडी खुपसत राहिलो. पत्ती कमी केली, तोटीकडे मोठी पानं लावून बघितली, चुरा गाळून बघितला. फरक शून्य.

मग वैतागून पत्तीशिवाय नुसतं गरम पाणी ओतलं. नऊ सेकंद. परत भरली, बावीस. परत, नऊ. इथे मात्र डोकं फिरलं. चौथ्या खेपेला लक्षात आलं की ज्या ज्या वेळी मी छाओझौच्या पद्धतीने झाकण लावून किटलीला वरून उकळत्या पाण्याची आंघोळ घातली, त्या त्या वेळी ती अडली. झाकण उचलून खिडकीसमोर धरलं. भोकात पाण्याचा एक थेंब बसला होता, मोत्यासारखा चमकत. आत हवा जाणारच कुठून? फुंकर मारली, नऊ सेकंद. शुक्राचार्य झाकणात बसले होते.

दुकानात मी थंड पाण्याने, आंघोळ न घालता तपासली होती. म्हणून पास झाली. भोक बारीक आणि सरळसोट आहे. खालून कर्ण्यासारखं पसरत गेलेलं असतं तर थेंब टिकला नसता. भाजलेल्या झुनीला आता रेती-कानस लावायची माझी छाती नाही.

आणि तो बोट ठेवून धार थांबवायचा खेळ! त्यातून झाकण किती घट्ट आहे एवढंच कळतं. माती खरी की रंगवलेली, धार कशी, काही नाही. विक्रेते तोच खेळ आधी का करून दाखवतात हे आता कळलं.

बेत असा होता की शनिवारी नानजिंगकडची गाडी पकडून परत यिशिंग गाठायचं, थर्मासात उकळतं पाणी घेऊन. पण हे लिहिता लिहिताच कपाटातली ती पहिल्या फेरीतली होंगनी, म्हणजे दुसऱ्या लाल मातीची किटली, आठवली. झाकण किंचित हलतं म्हणून नाकारलेली, अजून कोरी. थांबा, बघून येतो.

आलो. तोंड झुनीपेक्षा रुंद, म्हणजे लांब पत्ती न मोडता आत जाईल. भोक मोठं, आतून पसरट. वरून दोनदा आंघोळ घातली, आठ सेकंद, दोन्ही वेळा! बोटाच्या परीक्षेत अर्थात नापास, धार बारीक होते पण थांबत नाही. थांबवायची कुणाला आहे?

म्हणजे झुनी माझ्याकडे राहणार (याचं फार दुःख नाही) आणि होंगनी लाओशींकडे जाणार. पत्ती भरून तपासायचा मोह होतोय, पण किटली पहिला चहा लक्षात ठेवते म्हणतात आणि तो त्यांच्या हातचा असायला हवा. गायवानमधली (झाकणाच्या पेल्यातली) उकळून उकळून बेचव झालेली पानं भरून धार बघितली तर चालेल का? कुणी केलंय? मध्य-शरद सणाला ते गावी जातात, त्याआधी सांगा.