छत्री नको म्हणालो, तो दिवस

ऑगस्टमधली सकाळ. पोर्ट लुईच्या बंदराजवळ लख्ख ऊन पडलं होतं. पुण्याहून आणलेल्या बत्तीस जणांना मी बेधडक सांगून टाकलं, "छत्र्या, स्वेटर बसच्या डिकीत टाका. जायचंय ते जेमतेम वीस किलोमीटरवर."

टूर मॅनेजर म्हणून मॉरिशसला माझी ती दुसरीच खेप. पहिल्या वेळी नशिबाने सगळीकडे ऊन मिळालं होतं.

मोका डोंगर ओलांडून गाडी पठारावर चढली आणि काचा धुरकट झाल्या. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या क्युरपीपला उतरलो तर पाऊस, तोही आडवा. ड्रायव्हर हसून म्हणाला, "इथे ऋतू दोनच. छोटा पावसाळा आणि मोठा पावसाळा." हा विनोद तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो, हे मला नंतर कळलं.

त्रू ओ सेर्फ या ज्वालामुखीच्या विवराकाठी मंडळी कुडकुडत होती. आत नुसतं धुकं. एक काका माझ्याकडे असे बघत होते, की मीच ढग बोलावलेत.

मला वाचवलं ते भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी. "अहो, महाबळेश्वरात धो धो आणि वाईत कोरडं, तसंच हे. वारे आग्नेयेकडून येतात, पठारावर रिकामे होतात. पश्चिम किनाऱ्याला वर्षाला नऊशे मिलिमीटर आणि इथे चार हजारांपर्यंत!" मग हे भोवतीचे डोंगर म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या खचलेल्या माथ्याची कड आहे, असंही त्या सांगत राहिल्या. पदर डोक्यावर, चष्म्यावर थेंब.

उतरताना उसाच्या शेतात काळ्या दगडांचे ढीग दिसले. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना रचलेले. बाईंनी गाडी थांबवायला लावली, एक दगड हातात घेऊन उलटापालटा केला.

"बेसॉल्ट. आपल्या सह्याद्रीचाच. जमिनीच्या पोटातल्या ज्या लाव्हाच्या चुलीवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खन शिजलं, तिच्यावरच हे बेट. फक्त फार उशिरा, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी. आपली जमीन उत्तरेला सरकली, चूल इथेच राहिली. आता ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली पेटलेली आहे."

कुडकुडणारे काका खाली उतरले आणि त्यांनीही एक दगड उचलला. "घ्यायचा का?"

"नको हो, माझ्या घरामागे अख्खी टेकडी आहे," बाई म्हणाल्या.

पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आँ-फ्लाकला पोहोचलो तर कडक ऊन. बसच्या खिडक्यांवर शाली, टोप्या, मोजे वाळत घातले. दुसऱ्या दिवशी माझ्या सांगण्याआधीच प्रत्येकाच्या हातात छत्री होती. पाऊस काही आला नाही.