रक्ततपासणीत न दिसणारे निदान : मुलीचा ऑटिझम समजून घेताना

माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसे, मात्र कुकरची शिट्टी होताच दोन्ही कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत पळत असे. ‘तिचे बाबाही उशिराच बोलले होते,’ असे म्हणून सासूबाई धीर देत. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र वाट न पाहता आधी बेरा ही श्रवणचाचणी करून घ्यायला सांगितली, कारण हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या मुलाला ऐकू येते याची खात्री झाल्याशिवाय पुढचे काही ठरवता येत नाही. ही चाचणी मूल झोपेत असताना करतात, त्यामुळे त्या दिवशी तिला पहाटेच उठवून जागे ठेवावे लागले. श्रवण उत्तम निघाले आणि आम्हाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवण्यात आले.

ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, निदान रक्त तपासून किंवा एमआरआय काढून होत नाही. ते मुलाचे वागणे पाहून आणि आईवडिलांना बारकाईने विचारून केले जाते, हे तिथे समजले. डॉक्टरांनी मला विचारले, “आकाशात विमान दिसले की ती तुम्हाला बोट करून दाखवते का? काही मागण्यासाठी नव्हे, नुसते दाखवण्यासाठी?” ती तसे कधीच करत नव्हती. बिस्कीट हवे असले की माझे मनगट धरून माझा हात डब्यावर नेऊन ठेवी, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहत नसे. दूध हवे असले की ‘दूध पाहिजे का?’ असे म्हणे, म्हणजे मी विचारलेलाच प्रश्न माझ्याच सुरात परत करी. बोलत असताना डॉक्टरांनी चावीची एक गाडी तिच्यासमोर सोडली. गाडी थांबल्यावर तिने ती उलटी करून चाके फिरवायला सुरुवात केली आणि बराच वेळ त्यातच रमली; खोलीतल्या कोणाकडेही तिने ‘पाहिलेस का’ अशा नजरेने पाहिले नाही.

निदानाची चौकट त्यानंतर त्यांनी समजावून सांगितली. सामाजिक देवाणघेवाण आणि संवाद यांतील अडचणी हा एक भाग. तेच तेच वागणे, ठरावीक गोष्टींचा आग्रह आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांना येणारा तीव्र किंवा अगदी क्षीण प्रतिसाद हा दुसरा. दोन्ही भागांतील लक्षणे लहानपणापासून असावी लागतात. अ‍ॅस्पर्जरसारखी पूर्वी वेगळी मानली जाणारी निदाने २०१३ च्या डीएसएम-५ पासून, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीपासून, एकाच वर्णपटात घेतली गेली, म्हणूनच अजिबात न बोलणारे मूल आणि अस्खलित बोलणारा अभियंता या दोघांनाही हेच निदान मिळू शकते.

‘कशामुळे झाले?’ हा प्रश्न नातेवाइकांनी मलाच अधिक विचारला. आईच्या मायेत ऊब कमी पडल्याने ऑटिझम होतो, असे गेल्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य डॉक्टरही मानत आणि त्या मताने असंख्य आयांना विनाकारण दोषी ठरवले. जुळ्या मुलांवरील अभ्यासांनंतर आनुवंशिकतेचा मोठा वाटा स्पष्ट झाला. गोवर-गालगुंड-रुबेला लशीशी संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, धाकट्याच्या लसीकरणाच्या वेळी घरात कुजबुज झाली तेव्हा मी हेच सांगितले आणि त्याच्या सर्व लशी वेळेवर दिल्या. एका खासगी केंद्राने आम्हाला स्टेम सेल (मूळपेशी) उपचार सुचवले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी हे उपचार करू नयेत असे सांगितले आहे, आणि पालकांच्या अगतिकतेवर असा व्यवसाय चालावा याची मला मनापासून चीड येते.

वाचाउपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे व खेळ यांतून कौशल्ये शिकवणारे उपचार) आम्ही लगेच सुरू केली. त्यासाठी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज केल्यावर मानसशास्त्रज्ञांनी ‘आयसा’ या भारतीय मापनश्रेणीवर मूल्यमापन केले. या श्रेणीत ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण दिले जातात. एकूण ७० ते १०६ गुण म्हणजे सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझमचा स्वतंत्र समावेश आहे, परंतु बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व नोंदलेले असावे लागते.

मूल्यमापन करणाऱ्या व्यक्तीला मूल तासाभरापुरतेच दिसते, आणि नवख्या खोलीत ते एरवीपेक्षा वेगळेही वागू शकते. म्हणून मी मुलीचे घरातील काही छोटे व्हिडिओ आणि थेरपिस्टचे अहवाल तारखेनुसार लावून सोबत नेले होते, व त्यांचा खरोखर उपयोग झाला. तिचे प्रमाणपत्र मुदतीचे असल्याने फेरतपासणी होणारच आहे. बालवाडीतील बाईंनाही मी आतापासूनच महिन्याच्या नोंदी लिहून द्यायला सांगितले आहे.