लंडनमधील पारितोषिक भोजन : यजमानपदाचा माझा अनुभव

पुण्याच्या तांबट आळीत मठारकामाचे ठोके ऐकत मी वाढलो आणि पुढे अभियंता म्हणून लंडनला स्थायिक झाल्यावर धातुकामाशी निगडित असलेल्या एका लिव्हरी कंपनीचा सदस्य झालो. ही कंपनी म्हणजे नफ्यासाठी चालणारा उद्योग नव्हे. मध्ययुगात लंडनच्या सिटी भागात एकेका धंद्यातील कारागिरांनी ज्या श्रेणी उभारल्या, त्यांची परंपरा चालवणाऱ्या अशा शंभराहून अधिक संस्था आज तेथे आहेत. उमेदवारी करणाऱ्या तरुण कारागिरांना दरवर्षी पारितोषिके देणे हे आमच्या कंपनीचे मला सर्वांत प्रिय असलेले काम आहे, आणि गेल्या वर्षी त्या समारंभाच्या भोजनाची व्यवस्था माझ्याकडे आली.

आमच्या कंपनीला स्वतःचे सभागृह नसल्यामुळे दुसऱ्या कंपनीचे सभागृह सहा महिने आधी ठरवावे लागले. रात्रीऐवजी दुपारची वेळ आम्ही मुद्दाम निवडली, कारण दूरच्या गावांहून येणाऱ्या उमेदवारांना त्याच दिवशी आगगाडीने घरी परतता यावे अशी इच्छा होती. पारितोषिक मिळवणारे चौदा जण आणि त्यांच्यासोबत येणारे प्रत्येकी एक आप्त यांचा खर्च कंपनीच्या धर्मादाय निधीतून होणार होता. बाकीचे सदस्य आपापले पैसे भरणार होते.

खरी कसोटी होती ती आसनव्यवस्थेची. सिटीमध्ये मानाचा क्रम ही पूर्वापार गंभीर बाब आहे. तेथील आल्डरमेन, म्हणजे सिटीच्या प्रभागांचे ज्येष्ठ प्रतिनिधी, यांच्या मंडळाने 1515 मध्ये 48 कंपन्यांचा मानक्रम ठरवून दिला. त्याआधी स्किनर्स आणि मर्चंट टेलर्स या दोन कंपन्यांमध्ये सहावे स्थान कोणाचे यावरून वाद होता. 1484 मध्ये लॉर्ड मेयर, म्हणजे सिटीचे महापौर, रॉबर्ट बिलेस्डन यांनी तो मिटवताना दोघींनी आलटून पालटून सहावे आणि सातवे स्थान घ्यावे आणि दरवर्षी एकमेकींच्या प्रमुखांना जेवायला बोलवावे, असा निवाडा दिला. पंगतीने भांडण मिटवण्याचा हा मार्ग मला फार आपलासा वाटतो. आमच्या जुन्या आराखड्यात मात्र पाहुणे मुख्य टेबलावर आणि उमेदवार लांब टेबलांच्या अगदी टोकाला, असे चालत आले होते. ज्यांच्यासाठी पंगत मांडली, तेच दाराशी बसतात हे मला पटेना. प्रत्येक उमेदवाराच्या एका बाजूला त्याचा आप्त आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच कामातील अनुभवी सदस्य, असा नवा आराखडा मी मांडला आणि मास्टरांनी, म्हणजे कंपनीच्या त्या वर्षीच्या प्रमुखांनी, तो मान्य केला.

दुसरा बदल अधिक अवघड होता. पारितोषिके नेहमी भाषणांनंतर दिली जात, त्यामुळे उमेदवारांच्या घशाखाली घास उतरत नसे. प्रार्थना होताच पारितोषिके द्यावीत, असे मी सुचवले, तेव्हा स्वयंपाकघराच्या व्यवस्थापकांनी हरकत घेतली : समारंभ लांबला तर गरम पदार्थाचे काय? शेवटी पहिला पदार्थ थंड ठेवून आम्ही तोडगा काढला. शाकाहारी आणि हलाल जेवण कोणाला हवे आहे, मद्य कोण घेत नाही, हे मी प्रत्येकाला दूरध्वनी करून विचारले आणि त्याच वेळी नावाचा नेमका उच्चारही लिहून घेतला. बीडल, म्हणजे आपल्याकडचा चोपदार, याच्याकडून त्या नावांचा दोनदा सराव करून घेतला. तरीही एका प्रशस्तिपत्रावर आडनाव चुकल्याचे आदल्या दिवशी लक्षात आले, आणि सुलेखन करणाऱ्या एका सदस्याने रात्री बसून ते नव्याने लिहून दिले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

लव्हिंग कपचा विधी नवख्याला गोंधळात टाकतो, म्हणून त्याची माहिती मी प्रत्येक आसनापुढे छापून ठेवली. झाकणाचा मोठा चषक टेबलावरून फिरतो. एक जण पितो, समोरचा झाकण उचलून धरतो आणि तिसरा पिणाऱ्याकडे पाठ करून त्याचे रक्षण करतो. 978 मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड राजाची कॉर्फ येथे पेय पीत असताना हत्या झाली, तेव्हापासून ही सावधगिरी आली, अशी आख्यायिका आहे. मद्य न घेणाऱ्यांनी केवळ नमस्कारादाखल मान लवून चषक पुढे द्यावा, असे मी त्यात स्पष्ट लिहिले होते. त्याप्रमाणे एका उमेदवार मुलीने चषक दोन्ही हातांनी धरून इतक्या शांतपणे पुढे दिला, की शेजारच्या ज्येष्ठ सदस्यांनीही तिचे पाहून तसेच केले.

राजाच्या, लॉर्ड मेयरच्या आणि पाहुण्यांच्या नावे शुभेच्छा झाल्यावर, आमची कंपनी मुळा-फांद्यांसह सदैव बहरो, ही परंपरागत शुभेच्छा सर्वांनी उभे राहून दिली. साडेतीनला सभागृह रिकामे करायचे होते. हिशेबाचे कागद घेऊन मी बाहेर आलो, तेव्हा दोन उमेदवार आणि एक ऐंशी वर्षांचे सदस्य जिन्यापाशी उभे होते. पारितोषिक मिळालेल्या भांड्याचा सांधा कोणत्या डाखाने, म्हणजे जोडधातूने, जोडला, हे ते वृद्ध गृहस्थ भांडे उलटे धरून विचारत होते, आणि मुलांना गाडीची घाई दिसत नव्हती.